मानमोडी

कोंबड्यांच्या साथींना खेड्यापाड्यांत मिळालेली नावे बहुधा रोगाच्या अखेरच्या अवस्थेवरून पडलेली असतात. ‘मानमोडी’ हे असेच एक नाव होय. मान पिळवटून पाठीकडे वळली आणि पक्षी स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला, म्हणजे घरधनिणीस रोगाची ओळख पटते. परंतु तोपर्यंत खुराड्यातील कित्येक पक्षी गेलेले असतात आणि उरलेल्यांच्या अंगात विष भिनून चुकलेले असते. या रोगाचा इतिहास हा मुख्यत्वे त्यास वेळीच ओळखण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. कारण रोग जडल्यानंतर तो बरा करील असे औषध तेव्हा नव्हते, आणि आजही नाही.

कोंबड्यांच्या साथींचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. १८७८ साली इटलीत पेरॉन्चितो यांनी एका प्राणघातक साथीचे वर्णन केले. तिला पुढे पक्ष्यांचा प्लेग म्हणू लागले. आज ज्यास बर्ड फ्लू म्हणतात तो रोग हाच. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीचे जंतू दुर्बळ करून त्यांपासून रोगप्रतिबंध साधून दाखविला. त्यानंतर कोठेही कोंबड्या पटापट मरू लागल्या की या दोहोंपैकी एकीकडे बोट दाखविण्याची वहिवाट पडली.

ती वहिवाट १९२६ साली मोडली. त्या वर्षी जावा बेटात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल या बंदराजवळ जवळपास एकाच सुमारास कोंबड्यांची भयंकर मर उद्भवली. जावामधील साथीचे वर्णन क्रानेवेल्ड यांनी केले. इंग्लंडमध्ये डॉईल यांनी बारीक छिद्रांच्या गाळणीतून रोगट द्रव गाळला, तरी गाळीव द्रवाने रोग होतच राहिला. म्हणजे कारण जंतूहूनही सूक्ष्म, अर्थात विषाणू होते. मग हा प्लेगच कशावरून नव्हे? डॉईल यांचे उत्तर साधे आणि निर्णायक होते. प्लेगातून वाचलेल्या पक्ष्यांना नव्या रोगापासून काडीचेही संरक्षण मिळत नव्हते. रोग निराळा ठरला. गोंधळ नको म्हणून त्यास तात्पुरते गावाचे नाव देण्यात आले. ते आजतागायत कायम आहे!

भारतात हे निदान ज्या संस्थेने केले तिचा जन्म पुण्याचा. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा, घातक जंतूंवरील काम मनुष्यवस्तीपासून दूर चालावे म्हणून, १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. त्याच डोंगराळ मुलखातील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास कोंबड्या दगावू लागल्या. संस्थेचे प्रमुख एडवर्ड्स यांनी हा नवा रोग असल्याचे नोंदविले आणि त्यास ‘राणीखेत’ हे नाव पडले. देवदारांच्या छायेतील त्या शांत छावणीचा अपराध इतकाच, की तिच्या शेजारी डोळस माणसे बसली होती.

रोगाची पहिली चिन्हे मात्र मान मोडण्यासारखी ठळक नसतात. पक्षी पिसे फुलवून कोपऱ्यात डुलक्या घेतो, दाण्याकडे पाहत नाही, चोच उघडून घरघरत श्वास घेतो. शिट हिरवट व पातळ होते. अंडी एकाएकी थांबतात, अथवा मऊ कवचाची येतात. पंख लुळे पडणे आणि मान वळणे हे त्यानंतरचे. मेलेला पक्षी उघडून पाहिल्यास पेषणीच्या अलीकडील जठरात रक्ताचे बारीक ठिपके आढळतात. तुऱ्यावर खपल्या धरल्या तर ती देवी समजावी. पिलांच्या शिटेत रक्त दिसले तर बहुधा रक्ती हगवण. त्या हगवणीवर आणि पटकीवर सल्फा औषधे उपयोगी पडतात. मानमोडीवर पडत नाहीत. ओळख चुकली की पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

उपाय सापडला तो प्रतिबंधाचा. मुक्तेश्वर येथे हॅडो व इदनानी यांनी हा विषाणू उबवणीच्या अंड्यांतून पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला आणि १९४० नंतरच्या काही वर्षांत त्याची लस सिद्ध झाली. वाढलेल्या पक्ष्यास तिने चांगले संरक्षण मिळे, परंतु कोवळ्या पिलांना ती सोसत नसे. काही लुळी पडत. पिलांसाठी पुढे इंग्लंडमध्ये अॅस्प्लिन यांनी अधिक सौम्य वाण शोधून काढला. म्हणून पहिल्या आठवड्यात नाकाडोळ्यांत थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी, असा क्रम भारतात रूढ झाला.

एवढे होऊनही अंगणातील कोंबडी मरतच राहिली, आणि त्याचे कारण विज्ञानात नव्हे तर व्यवहारात होते. लसीची कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची. ती बर्फात जपावी लागे, आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागे. जिच्या डालग्याखाली सहा कोंबड्या, तिने शंभरांची कुपी काय करावी? शिवाय खुराड्यात मर लागली की उरलेल्या तलंगा आठवडी बाजारात विकून टाकणे हाच तिला शहाणपणा वाटे. संसाराच्या हिशेबाने तो शहाणपणाच होता. परंतु त्याच वाटेने रोग पुढल्या गावी जाई. नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा, मेलेला खोल पुरावा वा जाळावा, उकिरड्यावर टाकू नये, हे नियम पुस्तकांत होते. बाजाराच्या गर्दीत ते कोण पाळणार?

या अडचणीवर तोड ऑस्ट्रेलियात निघाली. क्वीन्सलंड विद्यापीठातील स्प्रॅडब्रो यांनी विषाणूचा उष्णता सोसणारा सौम्य वाण निवडून त्यापासून डोळ्यात थेंबाने घालण्याची लस सिद्ध केली आणि तिचे बीज इतर देशांच्या प्रयोगशाळांना विनामूल्य दिले. आफ्रिकेतील मोझांबिकसारख्या देशांत ती वापरली गेली. दर चार महिन्यांनी ती पुन्हा द्यावी लागते, आणि एका कुपीत अनेक घरांच्या कोंबड्या भागवाव्या लागतात. त्यासाठी गावाने एक दिवस ठरवावा लागतो. आणि त्या दिवशी लस घालणारीस घरोघर फिरून यावे लागते ते पहाटे, खुराड्यांची दारे उघडण्यापूर्वी.