पळालेले गुलाम आणि दुसरी श्रेणी

फ्रेंच भाषेत खेळाच्या हंगामाला ‘सेझों’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘सातिओ’वरून आला, आणि ‘सातिओ’ म्हणजे पेरणी. पेरणीवरून पेरणीचा काळ, त्यावरून वर्षातला कुठलाही ठरलेला काळ, असा अर्थ पसरत गेला. इंग्रजी ‘सीझन’ हे त्याचंच अपत्य. आपला ‘हंगाम’ फारसीतला. तिथे त्याचा अर्थ नुसता वेळ किंवा समय. माती, बैल, पाभर यांच्याशी त्याचं काही नातं नव्हतं. मराठीत आला आणि शेतकऱ्याच्या हाती पडला, तेव्हा कुठे तो खरीप-रब्बीचा झाला. फ्रेंच शब्द शेतातून थेट मैदानावर गेला. आपला शब्द मैदानावर पोचण्याआधी मुद्दाम शेतात राहून आला. वाटेत त्याने ‘हंगामी’ नोकर मागे ठेवले, तो भाग वेगळा.

दुसऱ्या महायुद्धाआधी फ्रान्समध्ये दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक फुटबॉलचे असे सहाच हंगाम झाले, १९३३-३४ ते १९३८-३९. विजेते ओळीने रेड स्टार, मेत्झ, रुआं, लांस, ल आव्र आणि पुन्हा रेड स्टार. या सहा वर्षांच्या गुणतक्त्यांत आज कुणाला फारसा रस नसेल. मला रस आहे तो या श्रेणीचा जन्म ज्या एका शिवीपायी झाला, तिच्यात.

ती शिवी म्हणजे ‘मारों’. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच फुटबॉलला गर्दी होऊ लागली, तिकिटं खपू लागली, पण खेळाडूने पैसे घ्यायचे नाहीत हा नियम तसाच होता. साहजिकच पैसे टेबलाखालून जाऊ लागले. चांगल्या आघाडीवीराला गावात नावापुरती नोकरी मिळे, एखाद्याला कॅफे चालवायला मिळे, प्रवासखर्चाच्या नावाखाली पाकीट मिळे. कागदावर सगळे हौशी. या ढोंगाला वर्तमानपत्रं ‘आमातरिझ्म मारों’ म्हणत.

‘मारों’ म्हणजे तपकिरी, म्हणून काही जण हा मळलेला, डागाळलेला हौशीपणा असेल असं समजतात. तसं नाही. फ्रेंचमध्ये दोन ‘मारों’ आहेत आणि त्यांची कुळं वेगळी. एक मारों म्हणजे चेस्टनट हे फळ. त्याच्या सालीच्या रंगावरून रंगाचं नाव पडलं, ते इंग्रजीत ‘मरून’ झालं आणि तिथून आपल्या साडीच्या दुकानात आलं. मरून काठाची पैठणी मागणारी बाई नकळत त्या फळाचं नाव घेत असते.

दुसरा मारों कॅरिबियन बेटांवरून आला. स्पॅनिश वसाहतींत रानात पळून गेलेल्या, माणसाळलेपण सोडलेल्या गुरांना ‘सिमार्रोन’ म्हणत. पुढे हा शब्द मळ्यातून डोंगरात पळालेल्या गुलामांना लागला. फ्रेंच मळेवाल्यांनी तो उचलला आणि तोंडात बसेल तसा तोडून ‘मारों’ केला. हिंदी महासागरातल्या रेयुन्यों आणि मॉरिशस या तेव्हाच्या फ्रेंच बेटांवरही तो पोचला. मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाचा ल मोर्न डोंगर अशाच पळालेल्यांचा आसरा होता. पळालेला गुलाम म्हणजे मालकाच्या नोंदवहीत असलेला, पण ताब्यात नसलेला माणूस. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये हा अर्थ आणखी घसरला आणि परवान्याशिवाय धंदा करणाऱ्या कुणालाही लागू झाला. सनद नसलेला वकील मारों, नोंदणी नसलेला दलाल मारों, पदवी नसलेला डॉक्टर मारों. मॉरिशसमध्ये आजही विनापरवाना टॅक्सीला ‘ताक्सी मारों’ म्हणतात. कोकणातून तिकडे गेलेल्यांच्या मराठी घरांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

मला या प्रवासातला उलटेपणा बोचतो. ज्याने आपलं शरीर मालकापासून सोडवलं त्याचं नाव लबाडांना मिळालं. मळेवाल्याच्या नजरेतून पाहिलं की पळणारा गुलाम हाच चोर, आणि भाषेने ती नजर बिनतक्रार वारशात घेतली.

आता ‘हौशी’कडे. ‘आमातर’ हा लॅटिन ‘आमातोर’, म्हणजे प्रेम करणारा. आपली ‘हौस’ अरबी ‘हवस’वरून, फारसीमार्गे आली. हिंदीत ‘हवस’ म्हटलं की सभ्य माणसं खाली बघतात. मराठीत तीच हौस मोकळ्या अंगणात आली आणि हौशी नाट्यसंस्थांच्या नावाआधी जाऊन बसली. दोन्ही भाषांनी पैशाविना केलेल्या कामाला वासनेचा शब्द लावला, हे मला पटतं. पण आमातरच्या समोर आपण ‘व्यावसायिक’ ठेवतो, तिथे गाडी रुळावरून घसरते.

‘प्रोफेशनल’च्या मुळाशी पैसा नाही. लॅटिन ‘प्रोफितेरी’ म्हणजे चारचौघांत जाहीर करणं. युरोपात ‘प्रोफेशन’ आधी मठात गेलं: संन्यास घेणाऱ्याने सर्वांसमक्ष घेतलेलं व्रत. मग ‘माझा अमुक धंदा आहे’ असं जाहीर करणं, मग तो धंदाच. आपल्या ‘व्यवसाया’तही मुळात निश्चय आहे, पैसा मागाहून आला, पण निश्चय मनातल्या मनात करता येतो, जाहीर करावा लागत नाही. म्हणून मराठीत जी गोष्ट दिसत नाही ती लॅटिनमध्ये लख्ख दिसते: प्रोफेशनलचा खरा विरुद्धार्थी शब्द आमातर नव्हेच, मारों आहे. एक उघड, दुसरा लपलेला. पैसे दोघेही घेतात.

फ्रेंच फुटबॉल महासंघाने १९३१ साली व्यावसायिकतेला मान्यता दिली ती याच अर्थाने. गाब्रिएल आनो हा माजी खेळाडू-पत्रकार तिचा मोठा पुरस्कर्ता. त्याआधीच, १९२८ साली, मोटारवाल्या प्युजो घराण्यातल्या झां-प्येर प्युजोंनी सोशो या कारखान्याच्या गावी क्लब काढून पैशाचा विषय उघडा पाडला होता. (याच प्युजोची गाडी १९९०च्या दशकात काही काळ कल्याणला बनत होती, फुटबॉल मात्र बरोबर आला नाही.) १९३२-३३ मध्ये वीस क्लबांचा पहिला व्यावसायिक हंगाम झाला, दहा-दहाच्या दोन गटांत. आणि जाहीरपणाच्या या पहिल्याच वर्षी काय झालं? एका गटात पहिला आलेला आंतिब संघ सामना विकत घेतल्याच्या संशयावरून बाद झाला, त्याच्या जागी कान अंतिम सामना खेळला आणि लीलच्या संघाकडून ४-३ असा हरला. मारोंची सवय एका ठरावाने जाणार नव्हती.

त्या हंगामात तळाला राहिलेल्यांना खाली ढकलून, त्यांच्यात नवे क्लब मिळवून दुसरी श्रेणी उभी राहिली. या श्रेणीचं एक वैशिष्ट्य गुणतक्ते पाहून कळत नाही. खालून जिंकत वर येऊन इथे प्रवेश मिळत नसे. क्लबाने स्वतःला व्यावसायिक म्हणवून घ्यायचं आणि महासंघाने ते मान्य करायचं, हेच प्रवेशपत्र. परवडेनासं झालं की जाहीर केलेलं मागे घ्यायचं आणि हौशींत परत जायचं. ‘प्रोफितेरी’चा इतका शब्दशः वापर मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

यामुळे ‘लांतेर्न रूज’ या शब्दाची गंमत झाली. हा लाल कंदील म्हणजे आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागचा. स्टेशनवरच्या माणसाला तो दिसला की गाडी पूर्ण आली, मागे एखादा डबा सुटून राहिला नाही, एवढं कळे. आपल्याकडे हेच काम शेवटच्या डब्यावरची ‘एल.व्ही.’ची पाटी आणि मागचा लाल दिवा करतात. फ्रेंचांनी हा कंदील गुणतक्त्यातल्या शेवटच्या संघाच्या गळ्यात अडकवला. पण दुसऱ्या श्रेणीतल्या शेवटच्या संघाला खाली पडायला जागाच नव्हती. पैसे पुरले तर तो कंदील घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

१९३७-३८ चा हंगाम शब्दांच्या दृष्टीने सगळ्यांत श्रीमंत. त्या वर्षी क्लबांचे आधी प्रदेशवार चार गट पाडले, आणि मग वरच्यांचा वेगळा गट केला. गटाला फ्रेंचमध्ये ‘पूल’ म्हणतात, आणि पूल म्हणजे कोंबडी. जुन्या जुगारात कोंबडी पणाला लावत असावेत, तिच्यावरून मधल्या पैशाच्या ढिगाला तिचं नाव पडलं, ढिगावरून त्यासाठी एकत्र आलेल्यांना. इंग्रजांनी ही कोंबडी जशीच्या तशी नेली, आणि आपण ‘पूल ए’, ‘पूल बी’ अशी कबड्डीची वेळापत्रकं छापतो ती तिच्या कृपेने. पोहायच्या पुलाशी तिचं नातं नाही. नदीवरचा आपला पूल तर फारसी.

तो हंगाम ल आव्रने जिंकला आणि सांतेत्येनला बरोबर घेऊन वर गेला. सांतेत्येनचा संघ काझिनो या किराणा दुकानांच्या साखळीच्या नोकरांमधून निघाला; मैदानाला दुकानमालक जोफ्र्वा गिशार यांचं नाव आहे आणि जर्सीला दुकानाचा हिरवा रंग. इथे व्युत्पत्ती शोधायची गरज नाही, वहीखात्यात बघितलं की पुरे. ल आव्र या बंदराच्या क्लबाला मात्र ‘द्वायां’ म्हणतात, फ्रान्समधला सर्वांत जुना म्हणून. १८७२ मध्ये तिथल्या इंग्रजांनी काढला असं क्लब सांगतो. द्वायां म्हणजे लॅटिन ‘देकानुस’, दहा शिपायांवरचा नायक, पुढे दहा भिक्षूंवरचा. वैद्यकीय महाविद्यालयाचा ‘डीन’ हाही तोच, आणि त्यातला ‘दे’ म्हणजे आपला ‘दश’. दुसऱ्या श्रेणीत झगडणारा क्लब आणि जे. जे.चे अधिष्ठाते असे एका रांगेत उभे राहतात.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि दोन्ही श्रेणी थांबल्या. पुढे फ्रान्सच्या पराभवानंतर आलेल्या विशी सरकारला व्यावसायिक खेळ म्हणजे नैतिक ऱ्हास वाटू लागला. १९४३-४४ साठी क्रीडाखात्याचे प्रमुख कर्नल पास्को यांनी व्यावसायिक क्लबच बाजूला सारले आणि त्यांच्या जागी सोळा प्रादेशिक सरकारी संघ उभे केले. पहिला आला लांस-आर्त्वा, म्हणजे १९३७ साली दुसरी श्रेणी जिंकलेल्या कोळसाखाणींच्या गावाचा संघ. खेळाडूंना पगार सरकारी तिजोरीतून. कागदावर व्यावसायिक क्लब एकही नाही, आणि पैसे सगळ्यांना. पंधरा वर्षांपूर्वी याच प्रकाराला वर्तमानपत्रं मारों म्हणत होती. या वेळी पाकीट सरकारचं होतं, तेव्हा तसं छापणार कोण?