फाटकापाशी

"हात उचलणारा नवरा कधी सुधारत नाही" असं आपण किती सहज म्हणतो. बहुतेकदा ते खरंही ठरतं. पण काही जण थांबतात. का थांबत असावेत? मला याची सगळ्यात स्पष्ट साक्ष सापडली ती गांधीजींच्या 'सत्याचे प्रयोग'मध्ये.

साल 1898, दरबान. गांधीजींच्या घरी त्यांचे कारकून राहत. खोल्यांना मोऱ्या नव्हत्या, म्हणून लघवीसाठी भांडी ठेवलेली असत. नव्या कारकुनाचं भांडं गांधीजींनी नाहीतर कस्तुरबांनी उचलायचं. तो ख्रिस्ती, पण आईवडील अस्पृश्य मानलेल्या जातीचे. कस्तुरबांना ते भांडं उचलवेना, आणि नवऱ्याने उचललेलंही बघवेना. शेवटी त्या रडत रडत ते घेऊन जिना उतरल्या. नवऱ्याला तेवढंही पुरेना, हसतमुखानं न्यायला हवं! शब्दाला शब्द वाढला आणि गांधीजींनी बायकोला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं, घराबाहेर काढायला.

(अस्पृश्यतेबाबत ते बरोबर होते, हीच तर गोची! आपलं बरोबर आहे ही खात्री असली की हात आणखी सैल सुटतो.)

कस्तुरबांनी त्यांना विचारलं, लाज नाही वाटत? इथे मला ना आईबाप ना नातेवाईक, जाऊ कुठे? लोक बघतील, फाटक लावा. त्यांनी लावलं. वरून अवसान आणलं, पण आतून शरमले होते.

गांधीजींचा स्वतःचा खुलासा असा, की तेव्हा ते बायकोला आज्ञा पाळणारी भोगवस्तू समजत. 1900 पासून हे विचार बदलले, 1906 मध्ये ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. मला हे थोडं नंतर सुचलेलं वाटतं. त्या दिवशी हात थांबला तो लाजेनं.

लाजेचं आणि धाकाचं असं, की ती प्रत्येकावर चालत नाहीत. अमेरिकेत मिनियापोलिसला 1981-82 मध्ये पोलिसांनी प्रयोग केला, तेव्हा अटक केलेल्यांची मारहाण पुढे कमी झालेली दिसली. नंतर मिलवॉकीत तसाच प्रयोग झाला. तिथे नोकरीवाले वचकले, बेकार मात्र उलट जास्त मारू लागले. ज्याला गमावण्यासारखं काही आहे, तोच थबकतो बहुधा.

आणि थबकलेलेही दुसऱ्या दिवशी "तिनंच मला चिडवलं" म्हणतातच की. गांधीजींनी मात्र तीसेक वर्षांनंतर हे सगळं आपल्या नावानिशी 'नवजीवन'मध्ये छापलं.

अर्थात ही साक्ष त्यांचीच. कस्तुरबांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. त्यांना विचारलं असतं, तर नवरा बदलल्याचं साल त्यांनी कोणतं सांगितलं असतं... 1898, 1900 की 1906?