लसटंचाईचे गणित : २०२१ च्या उन्हाळ्यात रांगा का लांबल्या?

कोविड-१९ ची दुसरी लाट ऐन भरात असताना, ७ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात केवळ तीन दिवस पुरेल एवढाच, म्हणजे सुमारे १४ लाख मात्रांचा लससाठा उरल्याचे जाहीर केले. राज्याची मागणी आठवड्याला ४० लाख मात्रांची होती. तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी त्याच दिवशी, अपयश झाकण्यासाठी घबराट पसरवली जात असल्याचा आरोप केला. हे वाक्‌युद्ध चालू असतानाच मुंबई, पुणे, सातारा, सांगली येथील अनेक केंद्रे साठ्याअभावी बंद पडली आणि सकाळपासून रांगेत उभे राहिलेले ज्येष्ठ नागरिक हात हलवीत परतले. राज्यात त्या महिन्यात दिवसाला ६० हजारांहून अधिक रुग्ण आढळत होते. लस हा तेव्हा सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न झाला होता.

पात्रता पुढे, पुरवठा मागे

ही टंचाई अचानक उद्भवलेली नव्हती. देशातील लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक व ४५ वर्षांवरील सहव्याधीग्रस्त, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वजण, अशी पात्रतेची कक्षा चार महिन्यांत रुंदावत गेली. उत्पादनाने मात्र तो वेग गाठला नाही. अमेरिकेने २०२० च्या उन्हाळ्यातच कोट्यवधी मात्रांची आगाऊ नोंदणी केली होती. भारत सरकारची पहिली मागणी जानेवारी २०२१ मध्ये नोंदवली गेली आणि तीही कोव्हिशिल्डच्या १ कोटी १० लाख व कोव्हॅक्सिनच्या ५५ लाख मात्रांची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला ३,००० कोटी व भारत बायोटेकला सुमारे १,५०० कोटी रुपये आगाऊ देण्याचा निर्णय झाला तो १९ एप्रिलला, म्हणजे केंद्रांना टाळे लागल्यानंतर.

आकडेमोड साधी होती. देशातील १८ ते ४४ वयोगटात सुमारे ५९ कोटी लोक. त्यांना प्रत्येकी दोन, म्हणजे जवळपास १२० कोटी मात्रा हव्या होत्या. दोन्ही कंपन्यांचे मिळून मासिक उत्पादन त्या सुमारास आठ कोटींच्या आसपास होते. सर्व उत्पादन याच एका वयोगटाला दिले असते, तरीही पंधरा महिने लागले असते. ही बाब १ मेची तारीख जाहीर करताना नागरिकांना सांगितली गेली नाही.

एक लस, तीन दर

मेपासून लागू झालेल्या धोरणाने गोंधळात भर पडली. उत्पादनातील निम्मा वाटा केंद्राला आणि उरलेला राज्ये व खासगी रुग्णालयांना अशी विभागणी झाली. केंद्राला १५० रुपयांत मिळणारी कोव्हिशिल्ड राज्यांना ३०० व खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना पडू लागली. कोव्हॅक्सिनचे दर राज्यांना ४०० व खासगी रुग्णालयांना १,२०० रुपये असे ठरले. महाराष्ट्राने मोफत लसीकरणाचा निर्णय घेतला आणि एकरकमी धनादेश देण्याची तयारी दाखवली. पण पैसे होते, माल नव्हता. मुंबई महापालिकेने एक कोटी मात्रांसाठी जागतिक पातळीवर प्रस्ताव मागवले. त्यातील एकही अखेर पात्र ठरला नाही.

मुंबईत ३० एप्रिलपासून तीन दिवस नियमित लसीकरण बंद ठेवावे लागले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याने तरुणांचे लसीकरण थांबवून त्यांच्यासाठी घेतलेल्या मात्रा दुसऱ्या मात्रेची वाट पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे वळवल्या. १३ मे रोजी कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. त्यामागे शास्त्रीय आधार असल्याचे सरकारने सांगितले. तथापि ऐन टंचाईत झालेल्या या बदलाकडे सर्वसामान्यांनी संशयानेच पाहिले.

रांग कोणाची?

कोविन संकेतस्थळावर २८ एप्रिलला तरुणांची नोंदणी सुरू होताच पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. वेळा काही क्षणांत संपत. हे संकेतस्थळ जूनपर्यंत मराठीत नव्हते. वेगवान इंटरनेट असलेले शहरी तरुण पालघर, रायगडच्या ग्रामीण केंद्रांवर वेळ मिळवून मोटारीने पोहोचू लागले आणि दारातल्या केंद्रावर स्थानिकांनाच लस मिळेना, तेव्हा खटके उडाले. टंचाईचा फायदा भामट्यांनीही घेतला. मुंबईत बनावट शिबिरे भरवून दोन हजारांहून अधिक लोकांना फसवण्यात आल्याचे उघडकीस आले.

झळ सीमेपलीकडेही पोहोचली. भारताने सुमारे साडेसहा कोटी मात्रा परदेशी पाठवल्यानंतर निर्यात रोखली. पुण्याहून येणाऱ्या मालावर अवलंबून असलेल्या बांगलादेशाला एप्रिलअखेर पहिली मात्रा देणे थांबवावे लागले, तर नेपाळमधील लाखो ज्येष्ठ दुसऱ्या मात्रेविना ताटकळले.

जुनाच धडा

असा अनुभव प्रथमच आला असेही नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या जागतिक साथीत अमेरिकेने ऑक्टोबरमध्ये कोट्यवधी मात्रा मिळतील, असा अंदाज वर्तवला होता. अंड्यांमध्ये विषाणूची वाढ मंदावली आणि प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी मात्रा हाती आल्या. तिथेही लांबच लांब रांगा लागल्या व लोक संतापले. पुरवठा मुबलक झाला तोवर लाट ओसरली होती आणि कोट्यवधी मात्रा वाया गेल्या. पुण्यात त्या साथीने ऑगस्ट २००९ मध्ये हाहाकार उडवला होता; स्वदेशी लस बाजारात आली ती २०१० च्या मध्यास.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटाविषयीचे धोरण प्रथमदर्शनी मनमानी व अतार्किक ठरवले. ७ जूनला पंतप्रधानांनी खरेदीची सूत्रे पुन्हा केंद्राकडे घेत असल्याची घोषणा केली व २१ जूनपासून ७५ टक्के उत्पादन केंद्राने घेऊन राज्यांना मोफत देण्याची व्यवस्था सुरू झाली. २१ ऑक्टोबरला देशाने शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. ही कामगिरी निर्विवाद मोठी असली, तरी तोपर्यंत दुसरी लाट येऊन गेली होती.

लसनिर्मिती आज्ञा देऊन वाढत नाही. पेशींची वाढ, शुद्धीकरण, गुणवत्ता चाचणी यांना लागायचा तो वेळ लागतोच. नागरिकांचा संताप त्या विलंबावर कमी आणि तो दडवणाऱ्या तारखांवर अधिक होता. पुढील साथीत वयोगटांच्या घोषणेबरोबरच दर आठवड्याला किती मात्रा कोणत्या जिल्ह्याला येणार, याचे वेळापत्रकही जाहीर व्हावे. ते हाती असते, तर लाट शिगेला असताना ज्येष्ठांना संसर्गाच्या धोक्यात, गर्दीत निष्फळ उभे राहावे लागले नसते.