चारशे काचा

परवा धाकटा नातू हिमाचलात ट्रेकला गेला. निघायच्या आदल्या रात्री सगळं सामान हॉलमध्ये पसरलेलं. फोन, चार्जर, पॉवर बँक, एक छोटा कॅमेरा, आणि फोनमध्ये पाणी जाऊ नये म्हणून त्याला घट्ट तोंडाची प्लॅस्टिकची पिशवी. मी विचारलं, "अरे, हे सगळं हरवलं तर?" तो म्हणाला, "आजोबा, फोन हरवेल, फोटो नाही हरवायचे. रेंज मिळाली की ते आपोआप वर जातात." वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. मागे एकदा विचारलं होतं, त्यात अर्धा तास गेला होता.

या विषयात मला बोलायचा अधिकार नाही, हे घरातले सगळे जाणतात. १९८४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं रामेश्वर-कन्याकुमारीला गेलो होतो. कॅमेरा मेव्हण्याचा, उसना आणलेला. रामेश्वरला मला शंका आली की रोल पुढे सरकतोय की नाही. म्हणून मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून पाहिलं. भर दुपारी, उन्हात! घरी आल्यावर स्टुडिओवाल्याने एक काळी पट्टी हातावर ठेवली. ही एका शब्दानेही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर अशा माणसाने फ्रँक हर्लीची गोष्ट वाचली, की ती त्याच्या मनातून जात नाही. शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमा म्हणजे दोन ओळींचा मजकूर. निवृत्तीनंतर सवडीने वाचलं.

हर्ली ऑस्ट्रेलियाचा, सिडनीचा. अर्नेस्ट शॅकल्टनच्या १९१४ च्या मोहिमेवर तो फोटोग्राफर म्हणून गेला. 'एंड्युरन्स' हे जहाज, माणसं अठ्ठावीस. अंटार्क्टिका खंड पायी ओलांडायचा बेत होता. प्रत्यक्षात खंडावर पाऊलही पडलं नाही. जानेवारी १९१५ मध्ये जहाज वेडेल समुद्रातल्या बर्फात अडकलं, ते अडकलंच. नऊ महिने बर्फ ते आवळत राहिलं. ऑक्टोबरच्या २७ तारखेला जहाज सोडावं लागलं आणि सगळे तंबू ठोकून तरंगत्या बर्फावर राहायला आले.

हर्लीच्या वर्षभराच्या मेहनतीचे फोटो मात्र जहाजातच राहिले. त्या काळी फोटो काचेवर निघायचे. काच म्हणजे वजन, आणि काच म्हणजे फुटणं. पण या गृहस्थाने त्या काचा पत्र्याच्या दुहेरी अस्तराच्या पेट्यांत ठेवून पेट्यांची तोंडं झाळून टाकली होती. दोन नोव्हेंबरला तो मोडक्या जहाजात परत शिरला. जाड लाकडी भिंत फोडली, कमरेपर्यंतचे कपडे उतरवले आणि चार फूट खोल बर्फाच्या लगद्यात बुडी मारून त्या पेट्या बाहेर ओढल्या. तिथल्या पाण्यात! आपण माघात नळाखाली हात धरायला कुरकुरतो.

पेट्या वाचल्या. मला वाटायचं, गोष्ट इथे संपली. खरी अडचण इथून पुढे होती.

पुढचा प्रवास होड्या ओढत आणि मग होड्यांतूनच करायचा होता. शॅकल्टनने प्रत्येकाला दोन पौंड खाजगी सामानाची मुभा दिली, म्हणजे किलोभरही नाही. स्वतःपासून सुरुवात करत त्याने सोन्याची नाणी बर्फात टाकून दिली. डायऱ्या मात्र ठेवू दिल्या. आणि हसी नावाच्या माणसाचं बॅन्जो ठेवायला लावलं, कारण माणसांचं मन टिकवायला ते औषध आहे असं त्याचं म्हणणं. असा मुख्याध्यापक मला नोकरीत लाभला असता तर... असो.

नऊ नोव्हेंबरला शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले आणि एकेक काच उचलून पाहू लागले. सुमारे एकशेवीस ठेवायच्या ठरल्या. सुमारे चारशे बाद झाल्या. बाद झालेली प्रत्येक काच हर्लीने तिथेच बर्फावर आपटून फोडली. मागाहून मन बदलून ती परत उचलावीशी वाटू नये म्हणून, असं त्यानेच पुढे लिहिलं आहे.

ज्या काचांसाठी त्याने आठवड्यापूर्वी जिवावर उदार होऊन बुडी मारली होती, त्यातल्याच या. बाजूला रचून ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. कोण नेणार होतं? पण रचलेला ढीग माणसाला रात्री झोपू देत नाही, हे त्याला ठाऊक असावं. आम्हाला घरातली जुनी वर्तमानपत्रं रद्दीत घालताना दहा वेळा चाळावीशी वाटतात.

ठेवलेल्या काचांची पेटी पुन्हा झाळली. मोठे कॅमेरेही तिथेच सोडले. हर्लीकडे उरला खिशात मावणारा एक कोडॅक आणि तीन रोल. पुढच्या दहा महिन्यांत जे काही टिपायचं, ते या तीन रोलांत.

२१ नोव्हेंबरला जहाज बुडालं. एप्रिल १९१६ मध्ये होड्यांतून ही मंडळी एलिफंट बेटावर पोचली, पेटी त्यांच्याबरोबर. शॅकल्टन पाच जणांना घेऊन मदत आणायला निघाला तेव्हा फोटो आणि फिल्मची जबाबदारी हर्लीची, असं हर्लीच्या डायरीत लिहून देऊन गेला. आपण परतलो नाही तर, या हिशेबाने. बावीस जण तिथे उलट्या होड्यांखाली साडेचार महिने राहिले. ३० ऑगस्ट १९१६ ला चिलीचं 'येल्चो' हे लहानसं जहाज आलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण घरी गेले. (एक गोष्ट खटकते, तीही सांगतो. मदतीला निघालेल्या होडीला निरोप देतानाचा फोटो पुढे सुटका होतानाचा म्हणून छापला गेला, तोही हातचलाखी करून. इतकं सगळं जपलं आणि शेवटी त्यावरच खोटा मथळा!)

याच्या उलटही घडलेलं आहे. १८९७ मध्ये आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल हे तिघे स्वीडिश लोक बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि नाहीसे झाले. तेहतीस वर्षांनी, १९३० मध्ये, क्वितोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले. डायऱ्या होत्या आणि स्ट्रिंडबर्गने काढलेले फोटो, न धुतलेले. स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्झबर्गने दोनशे चाळीसपैकी त्र्याण्णव फोटो वाचवले. बर्फावर आडवं पडलेलं बलून आणि त्याच्याकडे बघत उभे दोघे. फोटो काढणारा तिसरा. फोटो आले, माणसं नाही आली. हर्लीची पेटी पाहताना मला हे तिघेही दिसतात.

'एंड्युरन्स' मार्च २०२२ मध्ये सापडलं, तीन हजार मीटर खोल, जवळजवळ अखंड. नावाची अक्षरं अजून वाचता येतात. ज्या बर्फावर काचा फोडल्या तो कधीच वितळला. त्या चारशेंचे तुकडेही त्याच समुद्रात कुठेतरी खाली असणार.

ही गेल्यावर कपाट आवरताना मला एक वही मिळाली. १९८४ च्या प्रवासाचा खर्च. त्या प्रवासात ती वही रुमालात गुंडाळून वळकटीत असायची, मी हसायचो. धर्मशाळा, केळी, शहाळी दोन, टांगा, शंखांची माळ, घरी पत्र. कुठल्या दिवशी कुठे होतो, काय खाल्लं, कुणाला काय आणलं, सगळं त्यात आहे. नातवाने तिच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ते 'वर' पाठवले आहेत. वही मी परत रुमालात बांधून ठेवली.

शेवटच्या पानावर शेवटची नोंद आहे : रोल धुलाई, आठ रुपये. पुढे शेरा नाही.