उघडा सज्जा आणि बंद काच

ज्या वाटेनें वारा घरांत येतो त्याच वाटेनें आवाजहि येतो. मुंबईच्या घरबांधणीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बऱ्याच अंशीं या साध्या नियमाशीं चाललेला झगडा आहे असें दिसून येईल. प्रभादेवीच्या मोठ्या रस्त्यावरील जुन्या इमारतींकडे मान वर करून पाहावें. मूळच्या उघड्या सज्ज्यांच्या जागीं अनेक मजल्यांवर आज काचेच्या सरकत्या झडपा दिसतात. ह्या काचा कां आल्या हें समजण्यासाठीं आधीं सज्जा कां आला हें पाहिलें पाहिजे.

सिद्धिविनायकाचें देऊळ १८०१ सालीं बांधलें गेलें, तेव्हां हा भाग शहराबाहेरचा होता. पुढें परळ, लालबाग, प्रभादेवी या पट्ट्यांत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आसऱ्यानें चाळी आल्या. चाळींतील कुटुंबाला खोली बहुधा एकच. त्यामुळें बाहेरची लांब गॅलरी हीच त्याची बैठक, मुलांची अभ्यासाची जागा आणि उन्हाळ्यांतील रात्रीचें अंथरूण. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवीस प्लेगनें डोकें वर काढलें. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हेंच रोगाचें माहेरघर, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती; उंदीर व पिसवा यांचा संबंध सर्वमान्य व्हावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. परंतु त्या समजुतीनें शहराचें एक मोठें हित झालें. १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्ष ओर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीनें पुरस्कार केला. समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी जागा मध्यें मोकळी सोडावी, हा त्या नियमाचा सोपा अर्थ. हवा आणि उजेड ही ज्याच्या त्याच्या ऐपतीची बाब नसून सर्वांच्या हक्काची आहे, हें तत्त्व त्यामुळें रुजलें.

त्या काळीं आवाज नव्हता असें नाहीं. गिरणीचा भोंगा भल्या पहांटे घराघरांत शिरे. पण भोंगा हें कुटुंबाचें घड्याळ होतें. त्यावर डबे भरले जात, पाळ्या बदलत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक भोंगा मुका होत गेला. तेव्हां घरांत जी शांतता आली ती कोणालाहि गोड लागली नाहीं.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें पुढील चित्र पालटलें. तिच्या एका कलमानें गिरण्यांच्या जमिनी नव्या बांधकामांस मोकळ्या करून दिल्या. दुसऱ्या एका कलमानें सज्जा बंद करण्यास अटींवर मुभा दिली. पहिल्यामुळें मनोरे, कचेऱ्या व मोटारी आल्या, आणि त्यांच्या गोंगाटानें दुसऱ्याची गरज वाढविली. मात्र बंद सज्ज्याच्या दर्शनी भागापैकीं एकतृतीयांश भागास वरच्या बाजूला झरोके, काचेच्या झडपा किंवा जाळी असावी, आणि कठडा सोडून बाकीच्या भागास काचेच्याच झडपा असाव्यात, अशी अट होती. प्लेगच्या काळची शिकवण या अटींत जिवंत राहिली.

काच आवाज अडविते ती दोन गुणांनीं : वजनानें आणि फटी नसल्यानें. सरकत्या झडपेच्या रुळाशीं थोडी फट राहतेच, आणि आवाजाला तेवढी पुरते. म्हणून बिजागरीवर फिरणारी, रबराच्या पट्टीवर घट्ट बसणारी झडप अधिक कामाची. दोन काचांमध्यें हवेची पोकळी ठेवल्यास आणखी लाभ होतो. हॉर्नची किंकाळी अशा झडपेपुढें बरीच नमते. ढोलाचा किंवा बसच्या इंजिनाचा घुमारा मात्र सहजासहजीं हटत नाहीं. शिवाय सारें घट्ट मिटलें कीं वारा थांबतो आणि थंड हवेचें यंत्र बसवावें लागतें. तें यंत्र आपली ऊब व घरघर बाहेर टाकतें, म्हणजे शेजाऱ्याकडेच.

परीक्षेच्या दिवसांतील मुलाला किंवा घरांतील आजाऱ्याला शांतता हवी असते. काच लावणाऱ्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु काचेनें रस्त्याचा आवाज कमी होत नाहीं, फक्त त्यांतील एका घराचा वाटा कमी होतो. ज्या खोलीला वाऱ्याची एकच वाट आहे, तिच्यांत राहणाराला ती वाट मिटून चालत नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलची मर्यादा घातली, ती अशा घरांचा विचार केला म्हणजे विशेष मोलाची वाटते. शंभर वर्षांपूर्वीं या शहरानें हवा प्रत्येकाच्या वांट्याला यावी म्हणून इमारतींना मागें सरावयास लावलें. शांततेसाठीं रस्त्याला आवरणें हें काम त्याच जातीचें आहे, आणि तें अद्याप व्हावयाचें आहे.