शोकाचा झाला गलका

'हॉब्सन-जॉब्सन' हा जुना इंग्रजी शब्द आता कुणाच्या बोलण्यात नाही. मोहरमच्या मिरवणुकीत लोक छाती पिटत 'या हसन, या हुसेन' असा टाहो फोडत. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांनी त्याची इंग्रजी आडनावांसारखी जोडी केली, आणि अर्थ ठरला देशी लोकांचा उत्सवी गोंगाट! इसवी सन ६८० मधल्या करबलाचा आक्रोश विरला, गलका उरला. १८८६ साली हेन्री यूल यांनी स्वतःच्या व दिवंगत आर्थर बर्नेल यांच्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला हेच नाव दिले. मात्र कोशात मूळ टाहोही नोंदवला. मला त्या नोंदीचे मोल वाटते. श्रोतेहो, शब्दाचा अर्थ पाहताना तो कुणी ऐकला हेही पाहावे.