घर्षणबळ नेमके किती?

यांत्रिकी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला वजन काढणे अवघड जात नाही. वस्तुमान माहीत असले की काम झाले. घर्षणाचे तसे नाही. घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, एवढे लहान सूत्र; पण सर्वाधिक चुका इथेच होतात. माझ्या मते दोष विद्यार्थ्याचा कमी, सूत्र शिकवण्याच्या घाईचा जास्त.

एक लोखंडी कपाट घेऊ. वस्तुमान ४० किलोग्रॅम, फरशीशी स्थितिक घर्षणांक ०.५. वजन ३९२ न्यूटन, म्हणून फरशीची लंब प्रतिक्रियाही ३९२ न्यूटन. कपाटाला १०० न्यूटन बळाने आडवे ढकलले आणि ते हलले नाही. घर्षण किती? घाईत सूत्र वापरले की उत्तर येते १९६ न्यूटन. ते खरे मानले तर घर्षण ढकलण्याच्या बळापेक्षा ९६ न्यूटनने वरचढ ठरते, आणि कपाट २.४ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने ढकलणाऱ्याच्याच अंगावर यायला हवे. कपाट तर जागेवर आहे. म्हणजे घर्षण १०० न्यूटनच. १९६ हा आकडा निरुपयोगी नाही, पण ती कमाल मर्यादा आहे. वस्तू स्थिर असेल तोवर घर्षण न्यूटनच्या नियमातून काढायचे आणि मर्यादेशी ताडून पाहायचे. वस्तू घसरू लागली की मगच गतिक घर्षणांकाला लंब प्रतिक्रियेने गुणायचे.

लंब प्रतिक्रियाही दर वेळी वजनाएवढी नसते. त्याच कपाटाला दोरी बांधून ३० अंश वर, १०० न्यूटनने ओढा. दोरी ५० न्यूटन भार उचलून धरते, प्रतिक्रिया ३४२ वर येते आणि मर्यादा १७१ वर.

हे नियम कारखान्यांच्या आणि गोद्यांच्या गरजेतून आले. गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लष्करी अभियंता शार्ल कुलोम यांनी रोशफोरच्या नौदल गोदीत लाकूड, धातू आणि दोरखंड यांवर प्रयोग केले. १७८१ मध्ये अकादमीने त्यांना पारितोषिक दिले. क्षेत्रफळाचा संबंध का नसावा, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला. बाउडन आणि टेबर यांनी दाखवले की दोन पृष्ठभाग खरे तर मोजक्या उंचवट्यांवरच टेकलेले असतात, आणि भार वाढला की ही खरी स्पर्शजागा वाढते. नियम स्थूल आहेत, रबरासारख्या पदार्थांना ते नीट लागू पडत नाहीत. तरी सुरुवातीच्या गणितांना पुरेसे आहेत.

दिशेबद्दलही एक सांगितले पाहिजे. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असते, हे वाक्य अपुरे आहे. ते विरोध करते दोन पृष्ठभागांच्या परस्परांवरून घसरण्याला. टेम्पो वेग घेतो तेव्हा हौद्यातल्या न घसरणाऱ्या खोक्याला पुढे नेणारे बळ घर्षणाचेच असते.

पुढची प्रकरणे वाचताना एवढेच करा: आकडे हाती घेण्याआधी वस्तूची सुटी आकृती काढा, तिच्यावरची सगळी बळे दाखवा आणि विचारा, ही वस्तू घसरते आहे का?